आठ दिवसांत गुण देणारी डबी

चिवट मुरूम आठ-दहा दिवसांत बसले आणि चेहरा एकदम गुळगुळीत, उजळ झाला, तर आनंद मानण्याआधी डबीत काय आहे ते विचारावं. कडुनिंब, हळद, कोरफड, मुलतानी माती यांपैकी कशातही इतक्या झपाट्याने गुण देण्याची ताकद नाही. डॉक्टर मुरुमांसाठी देतात त्या औषधांतही नाही. आज वर आलेल्या पुळीची सुरुवात त्वचेखालच्या रोमरंध्रात कित्येक आठवडे आधीच झालेली असते. म्हणून उपचार कोणताही असो, खरा फरक कळायला आठ ते बारा आठवडे जातात.

पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या कराडच्या एका मुलीला हे फार महागात कळलं. प्रस्तुत लेखिका तिची मावशी. हकीकत सांगायचं एक कारण म्हणजे इतर मुलींचे चेहरे वाचावेत. दुसरं कारण असं, की नात्यागोत्यात अजूनही ‘मावशीने डॉक्टरकडे नेलं आणि पोरीचा चेहरा बिघडला’ असं बोललं जातं. चेहरा कशाने बिघडला, हे एकदा नीट मांडायलाच हवं.

सुरुवातीचे उपाय घरातलेच होते. बेसन-हळद झाली, मुलतानी माती झाली, मग मोबाइलवर पाहून लिंबाचा रस आणि खायचा सोडा. बेसन-हळदीने बहुतेकांचं नुकसान होत नाही, फायदाही बेताचाच. मुलतानी माती वरवरचं तेल शोषून घेते, पण तेल तयार करणारी ग्रंथी आत असते आणि तिथवर माती पोचत नाही. लिंबू आणि सोडा मात्र चेहऱ्याला लावूच नये. निरोगी त्वचेचा सामू साधारण साडेचार ते साडेपाच असतो. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास, तर सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर. एकाने त्वचा पोळते, दुसऱ्याने तिचं संरक्षक आवरण विस्कटतं. शिवाय लिंबवर्गीय फळांत फ्युरोकूमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखी इजा होते आणि मागे राहिलेले काळपट डाग महिनोन् महिने जात नाहीत. मुलीच्या दोन्ही गालांवर असे डाग राहिले, मुरूम होते तिथेच होते.

अशात ओळखीतून एक बाई भेटल्या. सोसायटीतल्या प्रदर्शनात त्यांचा स्टॉल होता. उटणं, साबण, केशतेल आणि पांढऱ्या प्लास्टिकच्या डबीतलं क्रीम. ‘आजीच्या हातची कृती आहे, शंभर टक्के नैसर्गिक, केमिकल शून्य,’ असं त्या प्रत्येकीला सांगत होत्या. डबीवर घटक नव्हते, बॅच क्रमांक नव्हता, परवाना नव्हता, मुदत नव्हती. ‘यात काय काय आहे?’ असं मावशीने तिथेच विचारलं. ‘केशर, चंदन, कोरफड आणि थोडं आमचं सीक्रेट,’ असं उत्तर आलं. हे सीक्रेट मावशीला पटलं नाही आणि तिने तसं बोलूनही दाखवलं. मुलीच्या आईचा मात्र विश्वास बसला होता.

आठवडाभरात चेहरा लखलखीत झाला. पुळ्या बसल्या, लाली गेली, रंगही उजळला. घरात कौतुक झालं आणि मावशीच्या शंकांची चेष्टा. बाईंनी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर मुलीचे आधीचे आणि नंतरचे फोटो टाकले, तेही तिला न विचारता. ते पाहून तिच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनी डब्या मागवल्या.

मग परीक्षेच्या धांदलीत नवी डबी मागवायची राहिली आणि काही दिवसांतच चेहरा पेटला. गाल लालबुंद, सतत आग, उन्हात पाऊल टाकवेना. कपाळावर, गालांवर, हनुवटीवर एकसारख्या बारीक लाल पुळ्या, पूर्वीच्या मुरुमांपेक्षा अगदी वेगळ्या. डबी आणून लावली की सगळं शांत, थांबवली की दुप्पट. बाईंना फोन केला तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. ‘अगं, शरीरातली घाण बाहेर पडतेय, ही तर चांगली खूण आहे. आता दिवसातून दोनदा लावायला सांग.’ मोठी डबी घेतली तर सवलत देते, हेही त्याच फोनवर सांगून झालं.

मावशीने मुलीला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. वय, शिक्षण, औषधं यांतलं काहीही विचारण्याआधी डॉक्टर म्हणाले, ‘क्रीम लावलं की बसतं आणि थांबवलं की उसळतं, असंच होतंय ना?’ कुणी अजून क्रीमचा उल्लेखही केला नव्हता. मुलगी मावशीकडे नुसती बघत राहिली. मग त्यांनी भिंगातून गाल पाहिले, मोबाइलमधले फोटो तारखेच्या क्रमाने लावून पाहिले. पातळ झालेल्या त्वचेतून दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या, वरच्या ओठावर आणि कानशिलांवर वाढलेली लव, एकाच आकाराच्या पुळ्या. ‘तुझे मूळचे मुरूम आता बाजूला राहिले,’ ते म्हणाले. ‘हा स्टेरॉइडने झालेला चेहरा आहे. असा एक तरी पेशंट रोज येतो.’ प्रदर्शनातल्या ‘सीक्रेट’चा अर्थ मावशीला त्या खुर्चीत बसल्यावर लागला, आणि त्यानंतर आलेला राग आजही उतरलेला नाही.

बीटामिथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइड औषधं इसबासारख्या आजारांत योग्य हातात फार उपयोगी पडतात. ती दाह दाबतात आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसवतात, म्हणून सूज उतरते आणि रंग फिका दिसतो. मुरूम बरे होत नाहीत, दबतात. रोज लावत राहिलं की त्वचा पातळ होते, त्या औषधावाचून तिला राहवत नाही आणि थांबवताच सगळं उलटून येतं. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला २००८ मध्ये ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं नावच दिलं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले होते. त्यांतले ४३३, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यांतल्या सुमारे एक चतुर्थांश जणांनी ते मुरुमांसाठीच सुरू केलं होतं, आणि निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आणलं. चिठ्ठीचं बंधन औषधाच्या दुकानाला असतं. स्वयंपाकघरात भरलेल्या डबीत काय मिसळलंय हे तपासायला तिथे कुणी उभं नसतं.

निनावी क्रीममध्ये स्टेरॉइडच असतं असंही नाही. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याची बातमी २०२३ च्या सुरुवातीला आली. त्या स्थानिक ब्यूटिशियनकडून घेतलेलं क्रीम वापरत होत्या, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाने तपास केला तेव्हा त्यात पारा निघाला. केरळमधल्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा एक दुर्मीळ प्रकार आढळला आणि त्या पंधरांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही. नकळत राहिलेला अंशही दशलक्षात एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

बाईंकडून मावशीने पैसे परत मागितले नव्हते. उपचारासाठी फक्त घटक विचारले होते. उत्तर आलं ते गटावर, सगळ्यांसमोर. ‘डॉक्टरच्या केमिकलने माझ्या क्रीमचा गुण मारला.’ त्यानंतर मुलीला आणि मावशीला गटातून काढलं, फोन उचलणं बंद झालं. आधीचे-नंतरचे फोटो मात्र तसेच राहिले. क्रीम सोडताना चेहरा काही काळ आणखी बिघडतोच. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि घडलंही तसंच. नातेवाइकांनी पाहिला तो याच काळातला चेहरा, आणि दोष गेला डॉक्टरांकडे नेणाऱ्या मावशीकडे. क्रीम भरणाऱ्या बाईंचं नाव कुणी घेतलं नाही.

नैसर्गिक उपाय करूच नयेत, असं कुणी म्हणत नाही. त्यांची ताकद आणि मर्यादा माहीत हवी, इतकंच. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ रुग्णांवर पाच टक्के टी ट्री तेल आणि पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाचा गुण उशिरा आला, पण त्रासही कमी झाला. लक्षात ठेवायचं ते पाच टक्क्यांचं प्रमाण. बाटलीतलं निव्वळ तेल थेट लावलं तर त्वचा पोळते. न्यूझीलंडमध्ये कानुका मधाची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. जंतुनाशक साबणाबरोबर मध लावूनही नुसत्या साबणापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. अझेलिक आम्ल गहू-बार्लीत असतं, पण मुरुमांवर ते पंधरा-वीस टक्क्यांच्या मलमातूनच काम करतं, म्हणून गव्हाचं पीठ चोळून उपयोग नाही. आयुर्वेदाचं नाव घेऊन डब्या विकणाऱ्यांनी सुश्रुतसंहिता तरी उघडावी. तिथे या विकाराला मुखदूषिका म्हटलंय, लोध्र-धने-वेखंडाचा लेप सांगितलाय आणि त्यासोबत वमनासारखी चिकित्साही. ते काम शिकलेल्या वैद्याचं आहे.

मुरूम हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने येत असतील, पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर राठ केस वाढत असतील, तर लेप बाजूला ठेवून पीसीओएसची तपासणी करून घ्यावी. या मुलीचं मूळ दुखणं तेच निघालं. फक्त कपाळावर, केसांच्या रेषेलगत मुरूम असतील तर आधी डोक्याचं तेल थांबवून पाहावं. केसांच्या तेलकट प्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरुमांची नोंद अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० मध्येच केली आहे. आपल्याकडे रविवारी डोक्यावर तेल थापून रात्रभर तसंच झोपायची सवय घराघरात आहे, आणि खोबरेल चेहऱ्यावर उतरलं की रंध्रं बुजतात. अक्रोडाच्या सालाची भरड किंवा साखर चेहऱ्यावर घासू नये. पुळी फोडू नये. सनस्क्रीन लावावं, नाहीतर आपल्या वर्णाच्या त्वचेवर डाग गडद होऊन बसतात. पाणी प्यावं, झोप पुरी घ्यावी. हे सगळे सांगतात आणि ते चांगलंच आहे, पण खोलवर दुखणाऱ्या गाठी येत असतील तर एवढ्याने भागत नाही. तिथे उशीर केला की खड्डे पडतात आणि ते आपोआप भरत नाहीत.

डॉक्टरांची औषधंही डोळे मिटून घेण्याजोगी नाहीत. आयसोट्रेटिनॉइन गर्भाला गंभीर इजा करतं, म्हणून ते मैत्रिणीच्या चिठ्ठीवर कधीच घेऊ नये. पण हा धोका पाकिटावर छापलेला असतो, डॉक्टर सांगतात, आणि काही बिघडलं तर दाद मागायला नाव-पत्ता असतो.

ज्यांच्या घरात अशी बिनलेबलची डबी आहे आणि थांबवली की चेहरा उसळतो, त्यांनी ती रागाने फेकून देऊ नये आणि आपल्या मनाने एकदम बंदही करू नये. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती सोबत न्यावी. पैसे दिल्याचा पुरावा आणि विक्रेत्याचे संदेश जपून ठेवावेत. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी, ग्राहक म्हणून १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही नोंदवावी. आणि ज्या मैत्रिणींनी आपला चेहरा पाहून तीच डबी घेतली असेल, त्यांना आजच फोन करावा.