बाजारातून आणलेला कोंबडा

मंगळवारी आमच्या गावचा बाजार भरतो. जूनच्या पहिल्या मंगळवारी मी न चुकता जातो. मृग लागतो ७-८ जूनला. त्याच्या आत बी घरात हवे. बाया पोत्यावर बियांचे लहान लहान ढीग मांडून बसलेल्या असतात. दोडका, कारले, घेवडा, काकडी, डांगर. एखादी म्हातारी आपल्याच वेलाचे बी फडक्यात बांधून आणते. ते मी आधी घेतो. पुडीतले बी वाईट असते असे नव्हे. पण वेल मांडवावर चढवू की कुंपणावर सोडू, हे पुडीला विचारता येत नाही. म्हातारीला विचारता येते, आणि ती अर्धा तास सांगते.

आमचे परस ते केवढे? चार खाटा टाकल्या की भरले. मोरीचे पाणी अळूला आणि केळीला जाते. पावसाळ्यात कुंपणावर कारली लोंबतात. थंडीत मेथी, मुळा, कोथिंबीर आणि वांगी. उन्हाळ्यात काहीच नसते तेव्हा कोपऱ्यातला शेवगा शेंगा देतो.

कोंबड्यांचे आणि बागेचे जमते, आणि जमतही नाही. पेरलेल्या वाफ्यात कोंबडी शिरली की घटकाभरात सगळे उकरून टाकते. म्हणून रोपे मोठी होईपर्यंत मी वाफ्यावर बाभळीच्या फांद्या टाकतो. पीक निघाले की कोंबड्यांना मोकळे रान. किडे, अळ्या, वाळवी, सगळे त्या वेचून खातात. खुराड्यातली शीट मात्र ताजी टाकू नका. ती फार कडक असते. रोप जळते. खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर तीन-चार महिने कुजू द्या, मग घाला.

हे सुख मी एकदा एका कोंबड्यापायी घालवून बसलो. तेच आज सांगायचे आहे.

आमचा कोंबडा मुंगसाने नेला होता. चैत्रातल्या एका मंगळवारी बाजारात पाय बांधून ठेवलेला एक तांबडा कोंबडा पाहिला. तुरा कसा, डौल कसा! घासाघीस करून पन्नास रुपये कमी केले आणि ऐटीत घरी आणला. घरची मंडळी म्हणाली, "आधी वेगळा डालग्याखाली ठेवा. थोडे दिवस बघू." मी म्हणालो, "तो काय सोयऱ्याकडून आला आहे, मानपान करायला?" आणि सोडला खुराड्यात. जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना 'ऐका, ऐका' म्हणत आलो. स्वतः ऐकले नाही.

पाचव्या दिवशी कोंबडा पंख पाडून बसला. चोच उघडी ठेवून श्वास घेऊ लागला. शीट पांढरी-हिरवी, पाण्यासारखी. मग एकेका कोंबडीची मान वाकडी होऊ लागली. दहा-बारा दिवसांत अकरांतल्या दोन उरल्या. तेवढ्यावर भागले असते तर माझे मीच भोगले असते. पण शेजारच्या मावशीच्या चार कोंबड्या आमच्याच उकिरड्यावर चरायच्या. त्या चारही गेल्या. मावशी एकटी. अंडी विकून तिचा चहा-साखरेचा खर्च निघायचा. ती मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

या रोगाला आपण मानमोडी म्हणतो. दवाखान्यात राणीखेत म्हणतात. राणीखेत हे हिमालयाच्या डोंगरातले गाव. १९२७ च्या सुमारास तिथे हा रोग आढळला, म्हणून हे नाव पडले. कोंबडीला तो एकदा झाला की त्यावर औषध नाही. पुष्कळ लोक हळद देतात, लसूण देतात. मीही दिली. उपयोग झाला नाही. बाजारात शंभर गावच्या कोंबड्या एकत्र येतात. वरून धडधाकट दिसणारी कोंबडीही रोग घेऊन आलेली असू शकते. म्हणून नवी कोंबडी २१ दिवस वेगळी ठेवा. तिचे दाणापाण्याचे भांडेही वेगळे. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर फेकू नका. खोल खड्डा करून, वर चुना टाकून पुरा.

रोग येऊ न देण्याचा उपाय आहे, तो म्हणजे लस. पुण्याला औंध येथे सरकारी संस्थेत अशा लसी तयार होतात. आपण गुरांच्या दवाखान्यात विचारायचे. पिलाला सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा थेंब. आठव्या आठवड्यात टोचून घ्यायची लस. दुखणाईत पिलाला लस देऊ नये.

लस बर्फातच ठेवावी लागते. बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवायची. आणि एका बाटलीत शंभर पिलांची लस असते. तुमची पिले दहा! मग उरलेली बाटली वाया घालवता काय? आमच्या आळीत आता सगळे मिळून एकच संध्याकाळ ठरवतात. मुले पिले धरून आणतात, गोंधळ विचारू नका. पहिल्या वर्षी मावशी येईना. तिला वाटले, पुन्हा काही विपरीत होईल. मी माझ्या दोन तलंगा तिच्या दारी नेऊन दिल्या, तेव्हा तिने दार उघडले.

इथे वाचता येण्याचा उपयोग होतो. दिवाळीनंतर कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसवावी. थंडीतली पिले चांगली जगतात. उन्हाळ्यात अंडी लवकर बिघडतात. दहा-बारा अंडी पुरेत. ती आठवड्याच्या आतली असावीत. सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरा. आत तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला आहे. स्वच्छ दिसले तर काढून टाका.

बसवल्याची तारीख वहीत लिहा. समजा, २० नोव्हेंबरला बसवली. २१ दिवसांनी, म्हणजे ११ डिसेंबरला पिले निघतील. तो दिवस पहिला धरला तर १७ डिसेंबरला पहिला थेंब, ७ जानेवारीला दुसरा, आणि ४ फेब्रुवारीला टोचायची लस. तारीख डोक्यात राहत नाही. मी मुख्याध्यापक होतो, माझ्याही राहत नाही.

मावशी साठीच्या पुढे अक्षरे शिकली. तिच्या वहीत पहिल्या पानावर तारखा आहेत आणि दुसऱ्यावर बाजारचा हिशेब. आता ती मेथीच्या जुड्या आणि अंडी घेऊन मंगळवारी माझ्याआधी बाजारात असते. वांगी घेताना काट्यावर आधी शून्य आहे का पाहते, मगच पारड्यात घालू देते.

आता तुम्ही करा. भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढा. १६ जानेवारीला कोंबडी बसवली. पिले कोणत्या तारखेला निघतील? लशीच्या तीन तारखा कोणत्या? वहीत लिहा आणि शेजाऱ्यालाही दाखवा.