वासरांची बेंबी पिकणे व सांधे सुजणे

गाय व्याली म्हणजे गोठ्यात प्रथम चौकशी होते ती कालवड झाली की गोऱ्हा याची. नवजात वासराच्या बेंबीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. पंधरा-वीस दिवसांनी तेच वासरू लंगडू लागते, गुडघे सुजतात, ते उठेनासे होते. घरची माणसे समजतात की गाईचा पाय पडला असावा किंवा वासराचा पाय लचकला असावा. मग तेल चोळणे, शेक देणे आणि काही ठिकाणी तर डाग देणेही सुरू होते. वस्तुतः या दुखण्याचे मूळ बहुधा पायात नसून बेंबीत असते.

गर्भावस्थेत वासराचे पोषण नाळेतून होते. नाळेतील एक रक्तवाहिनी थेट यकृताकडे जाते, तर दोन रक्तवाहिन्या मूत्राशयाच्या बाजूने पोटात शिरतात. जन्मतः नाळ तुटते. पण तिचा ओला तुकडा बेंबीला लोंबत राहतो. निरोगी वासरात तो सुमारे आठवडाभरात वाळतो. तोपर्यंत तो दिव्याच्या वातीसारखे काम करतो. शेण, मूत्र व चिखल यांतील जंतू त्यावाटे आत चढतात. काही जंतू बेंबीतच पू करतात, काही यकृतापर्यंत पोहोचतात, आणि काही रक्तात मिसळून सांध्यांत जाऊन बसतात. क्वचित डोळे पांढुरके होतात किंवा मेंदूच्या आवरणास सूज येते. पावसाळ्यात, ओल्या गोठ्यात, हा रोग अधिक आढळतो. एकत्र बांधलेली वासरे दूध पिऊन झाल्यावर एकमेकांची बेंबी चोखतात, हेही एक कारण आहे.

तथापि गोठा अस्वच्छ असूनही एखादे वासरू धडधाकट राहते व दुसरे दगावते, याचे कारण बहुधा चिकात सापडते. गाई-म्हशींच्या गर्भाला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत; ती जन्मानंतर चिकातूनच मिळतात. वासराच्या आतड्यांची ही द्रव्ये शोषून घेण्याची शक्ती तासागणिक घटते आणि सुमारे चोवीस तासांत जवळजवळ नाहीशी होते. वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये, ही समजूत म्हणूनच अतिशय घातक आहे. वार पडण्यास कित्येकदा आठ-दहा तास लागतात, आणि तेवढ्या वेळात वासराचा मोलाचा काळ निघून जातो. वासराला वजनाच्या एक-दशांश चीक पहिल्या दिवसात मिळावा. म्हणजे पंचवीस किलोच्या वासरास अडीच लिटर, व त्यातील निम्मा पहिल्या एक-दोन तासांत. वासरू अशक्त असल्यास चीक काढून बाटलीने सावकाश पाजावा. खरवसाची आवड कोणास नाही? पण त्यासाठी घ्यावयाचा तो वासराच्या पोटातून उरलेला चीक.

नाळेची व्यवस्था जन्मानंतर अर्ध्या तासाच्या आत करावी. नाळ आपोआप तुटून दोन-तीन इंच उरली असेल व रक्त येत नसेल, तर ती बांधण्याची वा कापण्याची गरज नाही. फार लांब लोंबत असेल तर हात साबणाने धुऊन, आयोडिनमध्ये भिजविलेल्या दोऱ्याने पोटापासून दोन इंचांवर घट्ट बांधावी व गाठीखाली अर्ध्या इंचावर नव्या पात्याने कापावी. विळा किंवा घरातील जुने पाते वापरू नये. त्यातून धनुर्वाताचेही भय असते. नंतर रुंद तोंडाच्या लहान भांड्यात टिंक्चर आयोडिन घेऊन उरलेली नाळ मुळापर्यंत त्यात बुडवावी. नुसता बोळा फिरविल्याने नाळेचे टोक नीट भिजत नाही. नाळ वाळेपर्यंत हे रोज करावे व भांड्यातील उरलेले औषध प्रत्येक वेळी फेकून द्यावे. टिंक्चर न मिळाल्यास पोव्हिडोन आयोडिन चालते. राख, काजळी किंवा शेण लावणे म्हणजे जंतूंना आमंत्रण देणे होय. वासराखाली कोरडा पेंढा असावा व तो भिजताच बदलावा.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळी बेंबीला हात लावून पाहण्याची सवय ठेवावी. निरोगी बेंबी कोरडी, थंड व बारीक असते. ती जाड व गरम लागली, दाबताच वासराने पाय झाडले, दुर्गंधीयुक्त पू आला किंवा माशा घोंगावू लागल्या, तर रोग सुरू झाला असे समजावे. माशा बसल्यास दोन-तीन दिवसांत आसडी पडते. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर असून वासरू दूध सोडत असेल, तर तो दिवस वाया घालवू नये.

बेंबीची प्रत्येक सूज पिकलेलीच असते असे नाही. सूज मऊ, न दुखणारी व दाबल्यावर आत जाणारी असेल, तर तो अंतर्गळ असण्याचा संभव असतो. तेथे चीर दिल्यास आतडे कापले जाऊन वासरू हकनाक मरते. यास्तव घरी कोणतीही सूज फोडू नये.

सांध्यापर्यंत रोग पोहोचला म्हणजे एकाहून अधिक सांधे गरम होऊन फुगतात, विशेषतः पुढचे गुडघे व मागील पायांचे मधले सांधे. सांध्यातील पाणी घट्ट होऊन पुवासारखे बनते व हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चा खाल्ली जाते. ती झिजली की वासरू जगले तरी जन्माचे लंगडे राहते. उपचारास यश येते ते पहिल्या एक-दोन दिवसांत. म्हणून महिन्याच्या आतील वासरू लंगडताच आधी बेंबी तपासावी आणि ती वरून कोरडी दिसली तरी पशुवैद्यकास बोलवावे. पोटातील भाग पिकलेला असू शकतो. महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. प्रतिजैविकांची इंजेक्शने बरेच दिवस द्यावी लागतात. वासरू दोन दिवसांत उड्या मारू लागले म्हणून ती मध्येच थांबविल्यास रोग उलटतो. गरज पडल्यास पशुवैद्यक सांधा आतून धुतात. या काळात वासरास उचलून दूध पाजावे व दिवसातून अनेकदा कूस बदलावी.

रेडकांच्या बाबतीत हयगय अधिक होते, नर असल्यास तर विचारावयासच नको. परंतु रेडकू दगावल्यावर म्हैस पान्हा चोरते, आणि कातड्यात पेंढा भरून पुढे ठेवण्यापर्यंत पाळी येते. आयोडिनच्या एका लहान बाटलीचा खर्च त्या वेताच्या बुडालेल्या दुधापुढे काहीच नसतो.