दहा वर्षांचा व्हिसा, दोन बॅगा

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीत, मुलगी टेक्सासात. आम्हा दोघांना अमेरिकेचा १० वर्षांचा पर्यटक व्हिसा मिळालाय, म्हणून सलग वर्षभर राहायचा बेत आहे. एवढा संसार दोन-दोन बॅगांत कसा मावणार?
– एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, आधी वर्षाचं बघू, बॅगा आपोआप हलक्या होतील. १० वर्षं ही त्या व्हिसावर तिथं जाता येण्याची मुदत. एका खेपेला किती राहायचं, ते उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो; बहुधा ६ महिने मिळतात. ‘आय-९४’ या ऑनलाइन नोंदीत ती तारीख लगेच पाहून घ्या. मुदतवाढ हवी असेल तर तारखेआधीच अर्ज करा. न करताच राहिलात, तर हा १० वर्षांचा व्हिसाच बाद होतो.

आता बॅगा. चादरी नकोत, सोलापुरी असल्या तरी! औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. शेंगाचटणी मात्र मोठ्या बॅगेत. ३५० मिलिलिटरहून जास्त भुकटी केबिनमध्ये असली की तपासणीत अडकते. कडक भाकरी खुशाल न्या, फक्त कस्टममध्ये खाद्यपदार्थ असल्याचं सांगा. आणि प्रवासी आरोग्य विमा इथूनच काढून निघा.