कळपाची राखण : आधी माणूस शांत, मग कुत्रा

सोयाबीन निघालं, तूर फुलली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि मोकळ्या झालेल्या वावरात हरभरा उगवून येतोय. नागपूर जिल्ह्यात गुरांच्या पाठीवर सगळ्यात जास्त काठ्या पडतात त्या याच दिवसांत. पावसाळाभर पडीत आणि धुऱ्यावर चरलेलं ढोर आता दोन्ही बाजूंच्या उभ्या पिकामधल्या पांदणीतून न्यावं लागतं. एका गाईने कपाशीत तोंड घातलं की गायकी ओरडत धावतो, सोबतचं कुत्रं त्याच्याही पुढे पळतं आणि एकीच्या पायी सगळा कळप हरभऱ्यात शिरतो. नुकसान गाईने केलं असं आपण म्हणतो, पण कळप उधळलेला असतो आपणच.

गाईचे डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांना असतात. तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं, फक्त शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. म्हणून मागून कोणी अचानक आलं की ती लाथ तरी मारते किंवा पळते तरी. प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं रिंगण असतं. आपण त्याच्या कडेवर पाऊल टाकलं की जनावर चालू लागतं, मागे सरलो की थांबतं. चपळ गवळाऊ गाईचं हे रिंगण मोठं असतं, रोज हाताखाली असलेल्या म्हशीचं लहान. दुसरी खूण खांद्याची. खांद्याच्या मागच्या बाजूला उभे राहून जवळ गेलात तर जनावर पुढे निघतं, खांद्याच्या पुढे गेलात तर थबकतं किंवा वळतं. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन यांनी हे सारं शास्त्र म्हणून मांडलं, पण आपल्याकडचे जुने गायकी नकळत असेच उभे राहत. सकाळी आखरावर एकाच गाईवर हे करून पाहा. हात वर न करता, तोंडाने आवाज न काढता, फक्त दोन पावलं पुढे-मागे होऊन.

पांदणीत हेच वापरायचं. पोक्त, रोजच्या वाटेची गाय पुढे सोडा. जिथे कुंपणाला खिंडार आहे तिथे एक माणूस आधीच जाऊन उभा राहू द्या. मागच्याने सरळ रेषेत रेटत न येता डावी-उजवीकडे संथ चालावं आणि कळप चालू लागला की लगेच दाब सोडावा. तुतारी घरी ठेवा. बिथरलेलं जनावर निवळायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि धारेच्या आधी घाबरलेली गाय पान्हा चोरते, कारण भीतीने पान्हा सोडणाऱ्या संप्रेरकाचं काम अडतं.

एवढं जमल्याशिवाय कुत्र्याचा विचार करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. चिडलेल्या माणसाचं कुत्रंही गुरांच्या मागे लागणारंच होतं.

चित्रफितींत मेंढ्या वळवणारा बॉर्डर कॉली पाहून बरेच तरुण त्याची चौकशी करतात. थंड मुलखातल्या त्या दाट केसांच्या कुत्र्याला नागपूरच्या 45 अंशांच्या उन्हात कामाला लावणं क्रूरपणा आहे. करवानी आणि पश्मी ही महाराष्ट्राचीच, पण ती शिकारी कुत्री. पळणारं दिसलं की पाठलाग करणं त्यांच्या रक्तात असतं. आपल्याकडे मेंढपाळांसोबत दिसणारं गावठी कुत्रं मात्र कळप हाकत नाही, कळपात राहून राखण करतं. शेळ्यांवर येणाऱ्या मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या आणि कोल्हे यांच्यापुढे तेच उपयोगाचं.

पिल्लू निवडताना त्याची आई शेळ्यांत वावरताना स्वतः पाहा. आई शेळ्यांवर धावत असेल तर पिल्लू घेऊ नका. शेळीने रोखून पाहिलं तर नजर वळवून बाजूला होणारं, पण घाबरून लपून न बसणारं पिल्लू चांगलं. आठ आठवड्यांचं झालं की ते दोन-तीन गरीब स्वभावाच्या शेळ्यांसोबत ठेवा, त्याला निसटून बसता येईल असा कोपरा करा आणि भाकरी तिथेच द्या, घराच्या ओट्यावर नाही. या वयात ज्यांच्यात वाढेल त्यांना ते आपलं मानतं. नामिबियात चित्त्यांपासून शेळ्या राखायला 1994 पासून शेतकऱ्यांना दिलेली अनातोलियन कुत्री याच रीतीने कळपात वाढवली जातात. वाढत्या वयात कुत्रं खेळत करडामागे धावलं तर तिथल्या तिथे अडवा. मारू नका. नुकत्याच व्यालेल्या शेळीजवळ ते एकटं सोडू नका.

पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला या जंगलांलगतच्या गावांना वेगळं सांगायला हवं. कुत्रं वाघाला अडवू शकत नाही, ते फक्त सावध करतं. ते भुंकतंय म्हणून झुडपात शिरू नका. रात्री उघड्यावर साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला दिलेलं आमंत्रण, त्याला कोठ्याच्या आत घ्या. या दिवसांत साडेपाचलाच सूर्य मावळतो, कळप त्याआधी परत आणा. राखणीचं कुत्रं अभयारण्यात नेऊ नये. कुत्र्यांचा डिस्टेंपर जंगली प्राण्यांनाही होतो, 2018 मध्ये गीरचे सिंह दगावले त्यात याच विषाणूचा हात होता.

म्हणून लसीकरणात हयगय नको. डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, रेबीजची तीन महिन्यांना, पुढचे डोस पशुवैद्य सांगतील तसे. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी, त्यात पट्टकृमींवरचं प्रॅझिक्वांटेल असावं. मेलेल्या शेळीचं डोकं कुत्र्याला कधीही घालू नका. त्यातून वाढणाऱ्या कृमीची अंडी विष्ठेवाटे चाऱ्यात जातात, शेळीच्या मेंदूत पाण्याची गाठ होते आणि ती एकाच जागी गोल फिरत मरते. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना किंवा सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय इथे सल्ला मिळतो.

आता आणलेलं पिल्लू पुढच्या पोळ्याला अंगाने पूर्ण कुत्रं दिसेल. तरी कळप त्याच्या एकट्याच्या भरवशावर टाकू नका. समज यायला त्याला दीड ते दोन वर्षं लागतात, तेवढा वेळ त्याला द्या.