ग्रहण, भरती आणि सायकलची वाट

सहलीला उशिरा पोचलो तर फार तर डबा उशिरा उघडतो. सूर्यग्रहणाचे तसे नाही. चंद्र कोणासाठी थांबत नाही. म्हणून ग्रहण पाहण्यासाठी आडवाटेने सायकलवर जावयाचे असेल, तर आधी वही-पेन्सिल घेऊन बसावे लागते. ही आखणी कशी करावी, हे आपण घडून गेलेल्या एका ग्रहणाच्या उदाहरणावरून पाहू. त्या दिवसाचे सर्व आकडे हाताशी असल्याने आपले गणित बरोबर की चूक हे ताडून पाहता येते.

२५ ऑक्टोबर २०२२ रोजी, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले. मुंबईच्या परिसरात ग्रहणाचा स्पर्श सायंकाळी ४ वाजून ४९ मिनिटांनी झाला. ५ वाजून ४२ मिनिटांच्या सुमारास ग्रहणमध्य होता. त्या वेळी सूर्यबिंबाचा जवळजवळ पाव भाग झाकला गेला. ६ वाजून ८ मिनिटांनी सूर्य ग्रस्त असतानाच मावळला. अशा ग्रहणाला पंचांगात ग्रस्तास्त म्हणतात.

आता समजा, भाईंदर पश्चिमेच्या काही मुलांना हे ग्रहण उत्तन-चौकच्या बाजूने पाहावयाचे आहे. १७३९ सालच्या वसई मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने झुंज दिली तो धारावीचा किल्ला याच चौक गावाजवळ आहे. भाईंदर स्थानकापासून डांबरी रस्ता सुमारे १० किलोमीटर धरू, आणि टेकडीच्या अंगाची कच्ची वाट ४ किलोमीटर.

जागा कोणती?

पहिला प्रश्न सूर्याच्या उंचीचा. मुंबईच्या अक्षांशावर ऑक्टोबरअखेर सूर्य मावळताना दर मिनिटाला सुमारे ०.२३ अंश खाली येतो. स्पर्शापासून अस्तापर्यंत ७९ मिनिटे होती, म्हणजे स्पर्शाच्या वेळी सूर्य १७-१८ अंशांवर होता. ग्रहणमध्यापासून अस्ताला २६ मिनिटे उरली होती. २६ × ०.२३ = सुमारे ६ अंश. हात लांब करून मूठ धरली, तर मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. म्हणजे ऐन ग्रहणमध्याला सूर्य क्षितिजापासून जेमतेम अर्ध्या मुठीवर होता!

सूर्य इतका खाली असताना १० मीटर उंचीच्या माडाची सावली सुमारे १०० मीटर लांब पडते. पश्चिमेला शंभर पावलांवर माडांची एक रांग असली, की ग्रहण बुडालेच. म्हणून जागा निवडण्यासाठी आदल्या रविवारी एक फेरी मारावी. त्या दिवशी सूर्य उत्तरेपासून २५७ अंशांवर, म्हणजे पश्चिमेच्या १३ अंश दक्षिणेस मावळणार होता. होकायंत्र धरून त्या दिशेला पाहावे. मुंबईत होकायंत्राची सुई जवळजवळ खऱ्या उत्तरेकडेच असते, त्यामुळे दुरुस्ती करावी लागत नाही. त्या दिशेला मोकळा समुद्र दिसला तर जागा पक्की. घरे, झाडे किंवा टेकडीचा खांदा आडवा आला तर दुसरी जागा शोधावी.

अमावास्या विसरू नका

सूर्यग्रहण होते तेव्हा चंद्र सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये असतो, म्हणजे ती नेहमी अमावास्याच असते. सर्वांना ठाऊक असलेल्या या गोष्टीतून सहलीसाठी दोन महत्त्वाचे निष्कर्ष निघतात, आणि तेच पुष्कळदा विसरले जातात.

पहिला निष्कर्ष : ग्रहणानंतरची रात्र हमखास काळोखी. परतताना चांदण्याचा उपयोग शून्य.

दुसरा निष्कर्ष : समुद्राला उधाण. अमावास्येला सूर्य आणि चंद्र यांचे आकर्षण एकाच रेषेत येते, त्यामुळे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. कोकण किनाऱ्यावरील कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अमावास्या पंधरावी धरली तर १५ × ३/४ = ११ १/४. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, सव्वापाचच्या सुमारास, ओहोटी. हा हिशेब ढोबळ आहे. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या कोष्टकात पाहावी. पण अर्थ स्पष्ट आहे : ग्रहण पाहत असताना किनारा दूरवर उघडा पडलेला दिसेल, आणि अंधार पडू लागताच पाणी परत फिरेल. ओल्या खडकांवर पुढे पुढे जाऊन बसणे धोक्याचे. मिठागरांचे बांध दुपारच्या उधाणाने निसरडे झालेले असतात, तिथे सायकल घालू नये. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी चाकाखाली रोपे चिरडणे योग्य झाले नसते.

वेळेचे गणित

डांबरी रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर आणि कच्च्या वाटेवर ताशी ८ किलोमीटर असा वेग धरू. गटाचा वेग म्हणजे सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाचा वेग, हे ध्यानात ठेवावे.

डांबरी १० किलोमीटर : ४० मिनिटे
कच्ची वाट ४ किलोमीटर : ३० मिनिटे
पाणी, विश्रांती, एखादे पंक्चर : २० मिनिटे

एकूण ९० मिनिटे. स्पर्शाच्या अर्धा तास आधी, म्हणजे ४ वाजून २० मिनिटांनी जागेवर हजर राहावयाचे, तर २ वाजून ५० मिनिटांनी निघालेच पाहिजे.

येथवर सोपे आहे. खरी परीक्षा परतीची. समजा, पाहण्याची जागा कच्च्या वाटेच्या टोकाला आहे. सूर्य ६.०८ ला मावळला आणि मुले लगेच निघाली, तर कच्ची वाट ६.३८ ला संपेल. पण संधिप्रकाश आपल्याकडे साधारण २२ मिनिटेच टिकतो, म्हणजे ६.३० पर्यंत. शेवटची आठ मिनिटे खडी, खड्डे आणि उतार अंधारात. त्यात पंक्चर झाले तर आठाची अठ्ठावीस मिनिटे! दुसरा उपाय म्हणजे ५.५० लाच निघावे. पण मग ग्रस्त सूर्य समुद्रात बुडताना पाहण्याची संधी गेली. त्यासाठीच तर इतका खटाटोप!

तिसरा उपाय मात्र दोन्ही साधतो. क्रम उलटा करा. कच्ची वाट जातानाच, दुपारच्या उजेडात पार पाडा, आणि ग्रहण पाहावयाची जागा डांबरी रस्त्यालगत निवडा. मग सूर्यास्तापर्यंत निश्चिंत थांबता येते, आणि परतीचे ४० मिनिटांचे अंतर दिवे लावून ओळखीच्या रस्त्याने कापता येते. प्रवासाचे अंतर तेच, माणसे तीच. फक्त क्रम बदलला आणि धोका टळला.

डोळे आणि सायकल

सूर्य क्षितिजाजवळ मंद दिसतो म्हणून त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावू नये. दृष्टिपटलाला दुखापत होताना वेदना होत नाहीत, म्हणूनच ती अधिक घातक. काजळी धरलेली काच, एक्स-रेची फिल्म, साधा गॉगल ही साधने निरुपयोगी आहेत. ग्रहणासाठी खास बनवलेला प्रमाणित चष्मा किंवा १४ क्रमांकाची वेल्डिंगची काच वापरावी. चष्मा लावण्याआधी सायकल स्टँडवर लागलेली असावी, चालवताना तो कधीही लावू नये.

याहून सोपी पद्धत सूचिछिद्राची. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडा आणि सूर्याकडे पाठ करून प्रतिमा दुसऱ्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर घ्या. एक मीटर अंतरावर सुमारे ९ मिलिमीटरचे बिंब मिळते. सूर्य खाली असल्याने पुठ्ठा जमिनीवर न ठेवता उभा धरावा.

निघण्यापूर्वी ब्रेक, चेन आणि दोन्ही दिवे तपासा. जादा ट्यूब, पंप, पाण्याची बाटली घ्या. वाट, परतीची वेळ आणि बरोबरच्यांची नावे घरी लिहून ठेवा. मोठे माणूस बरोबर असावेच.

करून पहा

१. २२ जुलै २००९ चे खग्रास ग्रहण सुरतहून दिसणारे होते, पण पावसाळी ढगांनी अनेक ठिकाणी निराशा केली. त्याच मालिकेतील पुढचे ग्रहण सॅरोस चक्रानुसार १८ वर्षे ११ १/३ दिवसांनी येते. तारीख काढा. (उत्तर : २ ऑगस्ट २०२७.) उरलेल्या १/३ दिवसात पृथ्वी किती अंश फिरते? त्यामुळे खग्रास पट्टा पूर्वेला सरकेल की पश्चिमेला? ते ग्रहण इजिप्तमधील लक्सर येथे सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास आणि महाराष्ट्रात दुपारनंतर खंडग्रास, याचा मेळ घाला.

२. त्या दिवशी आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. कोळ्यांच्या हिशेबाने भरती केव्हा? भर पावसाळ्यात कच्ची वाट योग्य ठरेल काय? ढग आल्यास गटाचा दुसरा बेत कोणता?

३. शिक्षकांनी वर्गाचे चार गट करून प्रत्येकाकडून आपल्या गावाची अशी आखणी करून घ्यावी, आणि एका गटाची आखणी दुसऱ्याने तपासावी. चूक वहीत सापडली तर रबराने खोडता येते. वाटेवर सापडली तर ती अंधारात निस्तरावी लागते.