आभासी यंत्रे व त्यांच्या व्यवस्थेतील त्रुटी

एका संगणकाच्या पोटात अनेक संगणक नांदू शकतात, ही कल्पना नवी नव्हे. आय.बी.एम. कंपनीने १९७२ साली जाहीर केलेल्या व्हीएम/३७० प्रणालीत प्रत्येक उपयोजकास आपणापुढे एक स्वतंत्र संगणक आहे असा भास होत असे. अशा भासमान संगणकास आभासी यंत्र म्हणतात, आणि ज्या खऱ्या संगणकावर ते चालते त्यास यजमान म्हणतात.

आनेकल तालुक्यातील इलेक्ट्रॉनिक सिटी ही संगणक-व्यवसायाची वसाहत वाचकांस ऐकून ठाऊक असेल. तेथील एखाद्या कचेरीत पगारपत्रकाचे काम एक आभासी यंत्र करीत आहे, अशी कल्पना करू. व्यवस्थापक सॉफ्टवेअरने पहिल्या यजमानास 'यंत्र सुरू कर' अशी आज्ञा दिली. अर्धा मिनिट गेला, उत्तर नाही. सॉफ्टवेअरने कार्य फसले असे मानून तेच यंत्र दुसऱ्या यजमानावर सुरू केले. वस्तुतः पहिल्याने आज्ञा पाळली होती. हरवले होते ते केवळ उत्तर. आता दोन यंत्रे एकाच डिस्कवर लिहू लागली. डिस्कचा कोणता भाग रिकामा, याचा हिशेब प्रत्येक यंत्र आपल्या स्मृतीत ठेवते. दुसऱ्याने काय लिहिले हे त्यास कळत नाही. दोन कारकुनांनी एकमेकांस न सांगता एकच खतावणी लिहावी, तसा हा प्रकार. प्रत्येक लेखन 'यशस्वी' ठरते आणि पगारपत्रक मात्र नष्ट होते.

यश व अपयश यांखेरीज 'अज्ञात' हा तिसरा निकाल मानणे, हाच यावरील उपाय होय. निकाल अज्ञात असता पहिल्या यजमानास स्थिती विचारावी. तो मूकच राहिल्यास आधी त्याचा डिस्कशी संबंध तोडावा, मगच दुसरीकडे वळावे.

क्यूईएमयू या आभासी यंत्रे चालविणाऱ्या सॉफ्टवेअरच्या २०१७ मधील २.१० आवृत्तीपासून डिस्कच्या फाइलला कुलूप घालण्याची सोय झाली. कुलूप न मिळाल्यास ते तसे सांगते, आणि ही फाइल दुसरी प्रक्रिया वापरीत आहे काय, असेही विचारते. संदेश असावा तर असा! परंतु त्यावरील लिबव्हर्ट हा थर याच मजकुरास 'अंतर्गत त्रुटी' असा मथळा जोडतो. आणखी वरच्या थराने मथळा ठेवून मजकूर गाळला, तर दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून खालच्या थराचे शब्द जसेच्या तसे वर पोचवावेत.

फसलेल्या प्रयत्नाचे अवशेष काढतानाही सावधगिरी हवी. त्या प्रयत्नात नव्याने निर्माण केलेली डिस्क पुसावी. उपयोजकाची पूर्वीची डिस्क मात्र पुसू नये. याकरिता कोणती वस्तू केव्हा निर्माण झाली, याची नोंद आरंभापासूनच ठेवावी लागते.