तूप, वनस्पती आणि तेल

उत्सवाचा महाप्रसाद जवळ आला की मुदपाकखान्यात तळणासाठी काय आणावे, हा प्रश्न दरवर्षी निघतो. यंदा बुंदीच्या लाडवांस वनस्पती घ्यावी, खर्च वाचेल, असे एका वडीलधाऱ्या सभासदांनी सुचविले. आमच्या तीर्थरूपांस दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराचा त्रास झाला. तेव्हापासून या विषयाकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो आहोत.

लोण्याऐवजी वापरावयाचे मार्गारीन १८६९ साली फ्रान्समध्ये निघाले, आणि ते मुळात गुरांच्या चरबीचे होते! पुढे १९०२ साली नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पातळ तेलावर हायड्रोजन वायूची क्रिया करून ते घट्ट करण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. त्याच मार्गाने वनस्पती तूप निर्माण झाले. १९३७ साली आपल्याकडे डालडा आला. त्यात चरबी नव्हती. दोष निराळाच होता. तेल अर्धवट घट्ट करताना ‘ट्रान्स’ जातीची मेदाम्ले उत्पन्न होतात. ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितात व हितकर कमी करितात. जानेवारी २०२२ पासून त्यांवर २ टक्क्यांची सरकारी मर्यादा आली आहे. तरीही वनस्पतीस घट्टपणा आणणारे संपृक्त मेद तिच्यात असतेच. (तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत तिळाचे तेल घालण्याचा नियम झाला, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. तपासणीत त्या तेलामुळे तांबडा रंग येतो.)

मग सर्व काही साजूक तुपात करावे काय? तसेही नाही. लोण्यात पाणी व ताकाचा अंश असल्याने ते कढईत लवकर करपते. कढवून केलेले तूप ताप सोसते. परंतु त्यातीलही सुमारे ६० टक्के मेद संपृक्तच असते. नैवेद्याच्या वरणभातावर चमचाभर तूप शोभते, घाणे काढण्यास ते नको.

आमच्या बेळगाव भागात शेंगतेल मुबलक. त्यात संपृक्त मेद २० टक्क्यांच्या आसपास, आणि तळणाचा ताप ते चांगला सोसते. करडईचे तेल फोडणीस उत्तम. वारंवार तापविल्यास मात्र लवकर बिघडते. खरे तर कोणतेही तेल पुनःपुन्हा तापविणे वाईटच. गतवर्षी उरलेले काळसर तेल आम्हीच गाळून दुसऱ्या दिवशीच्या पुऱ्यांस वापरले होते, हे येथे कबूल करितो.

यंदा बुंदी ताज्या शेंगतेलात तळावी, वळताना हातास तेवढे साजूक तूप लावावे आणि लाडू थोडे लहान करावेत, असे आम्ही त्या सभासदांस विनविले आहे. हिशेब ते पाहत आहेत.